जुन्या मेंटेनरचं नाव कुठे ठेवावं: लिनक्सची रीत आणि नोडची रीत

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारा माणूस, थांबला की दोन गरजा उरतात. पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) आता कुणाकडे पाठवायचा हे नव्या माणसाला कळायला हवं, आणि आधीच्याचं काम नोंदीतून पुसलं जाऊ नये.

लिनक्स कर्नलने (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) त्यासाठी दोन फाइली ठेवल्या आहेत. ‘मेंटेनर्स’मध्ये कोणता भाग कोण सांभाळतं आणि त्याची स्थिती काय हे असतं. कुणीच वाली नसेल तर सरळ ‘ऑर्फन’ (अनाथ) लिहितात. बाजूला झालेल्यांची नावं ‘क्रेडिट्स’मध्ये जातात. तिथे नावाखाली ‘डी’ या अक्षराने सुरू होणाऱ्या ओळीत त्या माणसाने काय केलं ते असतं: अमुक ड्रायव्हर, तमुक फाइलसिस्टिम. मला ही ओळ फार मोलाची वाटते, आभारापेक्षा कामाचा उल्लेख माणसाला जास्त न्याय देतो. अडचण एकच: नाव हलवण्याचा हा बदल कुणीतरी हाताने करावा लागतो, तोवर जुनं नाव तसंच राहतं.

नोड जेएस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रीडमीतच (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) सक्रिय सहयोग्यांखाली ‘इमेरिटस’, म्हणजे निवृत्तांची, यादी आहे. बराच काळ निष्क्रिय असलेले सहयोगी स्क्रिप्ट शोधून काढते, त्यामुळे कुणाला तोंडावर ‘आता थांबा’ म्हणावं लागत नाही. कोड बदलण्याचे पडून असलेले अधिकारही वेळेत काढले जातात आणि पुढे परतीची विनंती करता येते. पण यादीत फक्त नाव. काम शोधायचं तर गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा) इतिहास उपसा.

चार-पाच जणांच्या प्रकल्पाने नियम नोडचा घ्यावा, आणि प्रत्येक नावापुढे लिनक्ससारखी कामाची एक ओळ लिहावी. ती ओळ त्या माणसालाच विचारून लिहिली तर उत्तम.