बार्शी नाक्याजवळचं शॉकपचं गॅरेज: माल वाहणाऱ्या ईकोचा अनुभव

बीडमध्ये गाडीचे शॉकप, म्हणजे शॉक ॲब्झॉर्बर, बदलून देणारे ढीगभर आहेत. पण "गाडीत वजन किती टाकता?" हे आधी विचारणारा मला एकच भेटला. बार्शी नाक्याच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे, पाटी नाही. मालकाला सगळे मामू म्हणतात, मीही तेच म्हणतो.

माझी मारुतीची ईको व्हॅन. सीताफळाच्या हंगामात धारूरला माल भरायचा, घाट उतरून तेलगाव, वडवणी करत बीड, आणि तिथून संभाजीनगरला जाधववाडीच्या मार्केटला. बाकी वर्षभर घरची माणसं आणि लग्नकार्यं. क्रेट भरले की गाडी मागून बसायची, म्हणून दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं मागं जाड तारेच्या उंच स्प्रिंगा टाकून दिल्या, वर वेटोळ्यांत रबरी बफरही अडकवले. शॉकप मात्र "चांगलेच आहेत की" म्हणत जुनेच ठेवले. गाडी उभी दिसायला लागली खरी, पण एखादा खड्डा गेला की मागची बाजू हलायची थांबेचना. रिकामी असली की गतिरोधकावरून उतरताना मागून टक् असा आवाज. आणि मार्केटला क्रेट उतरवले की सगळ्यात वरच्या थरातली फळं काळवंडलेली, खालची ठणठणीत. आडत्याला भाव पाडायला निमित्तच पाहिजे असतं.

मामूला हे सांगितलं तर म्हणाला, "वरचा क्रेट उडतोय भाऊ. खालच्याला वरचं वजन दाबून धरतंय, वरच्याला कोण धरणार?"

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी मालासकट मागवली. चाकाच्या मधोमध टेपचं टोक धरून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं, दोन्ही बाजूंनी. माल उतरवून परत मोजलं. आकडे खडूनं शेडच्या पत्र्यावर लिहिले. मग स्प्रिंग काढून तारेची जाडी मोजायला व्हर्नियर लावलं. एवढं झाल्यावर निदान: "स्प्रिंग वजन धरती, शॉकप तिचं उडणं धरतो. तुमची स्प्रिंग पैलवान झाली अन् तिला आवरायला पोरगं तेच जुनं."

मी डिप्लोमा मेकॅनिकल केलेला माणूस, घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. म्हणजे वेटोळी आणि घेर तोच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ केली, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक होते. डोळ्यांना तो एक मिलिमीटर दिसतही नाही. बफर घातले की आणखी वेगळंच, रबर बसलेली वेटोळी दबायचीच बंद होतात, उरलेल्या वेटोळ्यांवर स्प्रिंग चालते आणि अजून कडक होते. शॉकपला मात्र तेवढीच वाढ लागत नाही. वजन तेच धरलं तर तिथं वर्गमूळ येतं, म्हणजे ३८ टक्के कडक स्प्रिंगला शॉकपचा अडवायचा जोर १७ टक्क्यांच्या आसपास वाढवला की जोडी जमते. मामूला हे सूत्र माहीत नसेल, पण त्याचा हात बरोबर तिथंच थांबला.

कारण मी त्याला म्हटलंच होतं, सगळ्यात टाइट शॉकप टाकून द्या, मिटवा एकदाचं. त्यानं सरळ नाही म्हटलं. शॉकप उघडताना जास्त अडवायला लागला की एका खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पूर्ण उघडायच्या आत दुसरा खड्डा येतो, मग तिसरा. गाडी खाली खालीच बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. आपल्याकडच्या ओळीनं खड्डे असलेल्या रस्त्याला हा उपाय म्हणजे नवं दुखणं. गॅसचा शॉकप म्हणजे कडक शॉकप, हाही समज त्यानं काढून टाकला. आतला गॅस मुख्यतः तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो. फेस आला की तेल अडवायचं काम सोडतं आणि लांबच्या रस्त्यावर शॉकप ढिला पडतो.

त्या टक् आवाजाचं मूळ स्प्रिंगच्या उंचीत निघालं. उंच स्प्रिंगनं गाडी एवढी उचलली होती की रिकामी असताना शॉकप जवळजवळ पूर्ण उघडाच. गतिरोधकावरून उतरताना चाक खाली लोंबलं की तो आतून टोकाला आपटायचा. शेवटी ठरलं ते असं: बफर काढायचे, उंच स्प्रिंगांच्या जागी कंपनीच्याच उंचीच्या पण थोड्या कडक स्प्रिंगा, आणि त्यांना जोडीचे नवे शॉकप, दोन्ही बाजूंना एकदमच. वर एक ताकीद: "स्प्रिंग जाड केली म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. ब्रेक तेच, ॲक्सल तेच."

बसवताना मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. नवा शॉकप खोक्यातून काढला की लगेच लावला नाही. उभा धरून सावकाश दाबला, ओढला, परत दाबला. आडवा पडून राहिलेल्या शॉकपच्या आतल्या नळीत हवा शिरते, ती निघाली की मधला पोकळ झटका जातो. माझ्याही हातात दिला: दाबायला हलका, ओढायला जड, मध्ये कुठं सुटत नाही. खालचे नट त्यानं नुसते हातानं लावून ठेवले, गाडी जॅकवरून उतरवली, चाकांवर वजन आलं आणि मगच पाना लावून आवळले. चाक लोंबकळत असताना आवळलं तर शॉकपच्या टोकाला जोडात बसवलेल्या बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधीच्या ठिकाणी सगळं जॅकवरच आवळलेलं मी पाहिलं होतं.

आता भरलेली गाडी खड्ड्यातून एकदा वर येते आणि जागेवर बसते. वरचे क्रेट खालच्यासारखेच पोहोचतात. घाटाच्या वळणांवर मागून ओढ घेणं गेलं. रिकाम्या गाडीत मात्र मागच्या सीटवर अजून कडक लागतं, आई माजलगावला जायला अजून कुरकुरते. मामूनं आधीच सांगितलं होतं की दोन्ही वजनांना एकच स्प्रिंग गोड लागणार नाही.

तक्रारीही आहेत. बसायला धड जागा नाही. परवा म्हणजे परवा होत नाही, स्प्रिंगा बाहेरून यायला आठवडा गेला आणि तोवर एक फोन आला नाही. मजुरीची पावती मागितली तर बिडीच्या पाकिटावर ९०० लिहून दिलं. पार्टचं दुकानाचं बिल मात्र जसंच्या तसं हातात ठेवलं, त्यात स्वतःचं काही चढवलं नाही.

नुसती शहरात फिरणारी गाडी असेल तर एवढी वाट बघायची गरज नाही, कंपनीचे शॉकप कुठंही बसवा. माल, गॅसची टाकी किंवा रोजची भरगच्च माणसं असतील तर इथं या, आणि गाडी नेहमीच्या वजनासकट आणा, नाहीतर मामू परत पाठवतो. शुक्रवारी दुपारी बंद असतं.