स्लॅब टाकू की कौलं घालू? कोकणात समुद्राजवळ घर बांधणाऱ्यांसाठी

गावी घर बांधायला काढलं की भिंती चिऱ्याच्याच, म्हणजे जांभ्या दगडाच्या, त्यावर कुणाचं दुमत नसतं. वाद होतो तो छपरावरून. आम्ही दापोली तालुक्यात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर बांधलं तेव्हा वर्षभर हेच चाललं होतं, आई म्हणायची कौलं, भाऊ म्हणायचा स्लॅब, आणि ऐकायला बसलं की दोघांचंही पटायचं.

स्लॅबच्या बाजूचं आधी सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे कौलं आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले, शेजारची माणसं स्लॅबच्या घरात येऊन बसली होती. वानरांचा त्रास नाही, दरवर्षी छपरावर माणूस चढवायला नको, वर कोकमं-काजू वाळत घालता येतात, उद्या मजलाही काढता येतो. घर वर्षातले दहा महिने बंद राहणार असेल तर ह्या गोष्टी लहान नाहीत.

माझं मन फिरलं ते जुन्या घराच्या मागच्या खोलीमुळे. ती स्लॅबची, बांधली तेव्हा खाडीची रेती स्वस्तात मिळायची आणि ती धुऊन घ्यायची हे कुणी सांगितलं नव्हतं. वीसेक वर्षांनी अशी अवस्था झाली की खाटेवर आडवं पडून वर बघितलं की तांबूस रेघाच रेघा, सळ्या कुठून कुठे गेल्यात ते खालून मोजता यायचं. सकाळी चादर झटकली की सिमेंटचा भुगा. एका रात्री ताटाएवढा पोपडा उशीशेजारी पडला आणि त्यानंतर आईने तिथे कुणाला झोपू दिलं नाही. रेतीतलं आणि खाऱ्या हवेतलं मीठ सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते, वरून कितीही प्लास्टर लावा. आम्ही दोनदा लावलं, वॉटरप्रूफिंग केलं, मग सगळेच घालतात तशी वर पत्र्याची शेडही घातली. एका खोलीला दोन छपरं झाली आणि पोपडे पडायचे थांबले नाहीत.

म्हणून नव्या घराला मंगलोरी कौलं. साग परवडला नाही, खाली गॅल्वनाइज्ड पाइप आहेत, त्यांना वेल्डिंगच्या जागी गंज धरतो तिथे रंगाचा हात मारत राहावं लागतं. वादळाचा धडा घेऊन कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने बांधल्या. पश्चिमेचं पाखं चांगलं खाली उतरवून पडवी काढली, कारण चिरा पाणी पितो आणि जुलैतली झड थेट भिंतीवर आली तर आतून ओल सुटते.

वानरं कौलं फोडतात, हे खरंच आहे. पन्नासेक जादा कौलं मागे रचून ठेवलीत आणि मेमधे शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून घेणं, करून घेतो. पण फुटलेलं कौल दिवसा खालून उजेडाच्या ठिपक्यासारखं दिसतं, सरकवून दुसरं घातलं की झालं. स्लॅबमधे पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं तिसरीकडेच. उकाड्याचं म्हणाल तर मोजून नाही बघितलं, पण कौलांखाली दुपारी जाणवतो तेवढाच, संध्याकाळी वारा सुटला की खोली निवते. त्या मागच्या खोलीत मे महिन्यात रात्री बारालाही भिंतीला हात लावला तरी गरम लागायचं, आणि त्यात लाइट गेली की अंगणातच झोपायला यावं लागायचं.

स्लॅब वाईटच असं नाही म्हणणार. धुतलेली नदीची रेती, सळईखाली काँक्रीटचा पुरेसा थर (कव्हर) आणि ओतताना घरचं माणूस उभं, एवढं जमलं तर बरीच वर्षं टिकत असेल. आमचंही बाथरूम आणि त्यावरची टाकी स्लॅबवरच आहे. फक्त ठरवायच्या आधी वाडीत एकदा विचारा, शाकारणीला चढणारी माणसं अजून मिळतात का. मिळत असतील तर मी तरी कौलंच घालीन.