टंकयंत्रामागून पाहिलेलं ‘कोर्ट’

चित्रपटात किंवा मालिकेत न्यायालय दिसलं की माझी नजर आधी डायसच्या खाली जाते. तिथं टेबल आहे का, टेबलावर टंकयंत्र किंवा संगणक आहे का, आणि त्यामागं कुणी माणूस बसलाय का? बहुतेक वेळा नसतोच. वकील फेऱ्या मारत ओरडतात, न्यायाधीश हातोडा आपटतात, साक्षीदार दोन मिनिटांत ढसाढसा रडून सगळं कबूल करतो, आणि हे लिहून कोण घेतंय याची कुणालाच फिकीर नाही. (हातोडा मी नोकरीच्या ३१ वर्षांत एकदाही पाहिला नाही. आमच्या एका साहेबांच्या टेबलावर पितळी घंटी होती, ती शिपायाला हाक मारायला.) मी ते लिहून घेणारी बाई. जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. जिल्हा कुठला ते विचारू नका, पेन्शन तिथूनच येते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मी पहिल्यांदा पाहिला एप्रिल २०१५ मध्ये, लागला त्याच आठवड्यात. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, त्यामुळे पेपरात नाव गाजत होतं. आमच्या गावात सकाळी साडेदहाचा एकच खेळ. रविवार असूनही सगळी मिळून दहा-बारा डोकी. मागच्या रांगेतले एक गृहस्थ मध्यंतरात उठले, ‘यात काही घडतच नाही’ असं बायकोला सांगत गेले ते गेलेच. पुढच्या शुक्रवारी थिएटरवर दुसरं पोस्टर. मागच्या महिन्यात भाच्यानं टीव्हीला लॅपटॉप जोडून तो पुन्हा दाखवला, तेव्हा ते गृहस्थ आठवले. बरोबरच म्हणत होते बिचारे. आमच्या न्यायालयातही दिवसभर काही घडायचं नाही, आणि तरी संध्याकाळी मान दुखत असायची.

गोष्ट सांगून टाकते, रहस्यपट नाही. नारायण कांबळे हा ६५ वर्षांचा लोकशाहीर, मुंबईत मुलांच्या शिकवण्या घेतो. एका वस्तीत कार्यक्रम रंगात आलेला असताना पोलीस त्याला उचलतात. आरोप काय, तर याचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून विषारी वायूनं जीव दिला. भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं. (नव्या संहितेत ते १०८ झालंय. कलमांचे नंबर माझ्या बोटांना पाठ होते, आता सगळे बदलले.) खटला उभा राहतो आणि तारखा सुरू होतात.

तारखांवरून सगळ्यांना सनी देओल आठवतो. ‘दामिनी’तला तो संवाद आमच्या बार रूममध्ये तरुण वकील चहा पिताना म्हणून दाखवायचे आणि तासाभरानं आत येऊन स्वतःच तहकुबीचा अर्ज द्यायचे. ‘कोर्ट’मध्ये तारखेवर कुणी ओरडत नाही. साक्षीदार आजारी आहे, पुढची तारीख. कागद आला नाही, पुढची तारीख. पुकारा होतो, माणसं उठतात, माणसं बसतात. कॅमेरा एका जागी खिळलेला, शॉट लांबच लांब. भाचा सुरुवातीला म्हणाला, “आत्या, हा कॅमेरा हलत का नाही?” मी म्हटलं, “अरे, मी कुठं हलत होते?”

आता माझ्या मुद्द्याचं. या चित्रपटात साक्षीदार हिंदीत किंवा मराठीत बोलतो, न्यायाधीश सदावर्ते ते ऐकतात, आणि मग त्याचा गोळीबंद सारांश इंग्रजीत सांगतात. खाली ते टाइप होतं. बस, एवढंच. पण हे मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात इतकं नीट पाहिलेलं नाही. सत्र न्यायालयात जबाब कसा लिहायचा हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये होतं: साधारणपणे निवेदनाच्या रूपात. म्हणजे वकिलानं विचारलेला प्रश्न कागदावर येत नाही. साहेबांना वाटलं तर प्रश्नोत्तरं जशीच्या तशी घेता येतात, पण एरवी प्रश्न गळून जातो आणि वाटतं की साक्षीदार स्वतःहूनच हे सगळं सांगत होता.

मी टाइप केलेल्या जबाबांपैकी एक विसरता येत नाही. रस्त्यातल्या अपघाताची केस, साक्षीला एक म्हातारा शेतकरी. घटनेच्या दिवशी तुम्ही कुठं होता, असं विचारलं. त्यानं सांगितलं की बैलाला पत्री मारायला नेला होता, बैलाचं नाव सोन्या, उजव्या मागच्या पायानं लंगडत होता, बाजारात नालबंद मिळाला नाही म्हणून उशीर झाला आणि म्हणून तो त्या वळणावर त्या वेळी होता. साहेबांनी सांगितलं, मी टाइप केलं: ‘घटनेच्या दिवशी मी बाजाराला गेलो होतो.’ त्यात चूक काहीच नव्हतं. निकाल काय लागला ते आज आठवत नाही. बैलाचं नाव आठवतं.

म्हणूनच वासुदेव पवारच्या बायकोची साक्ष मी दोनदा मागं नेऊन पाहिली. उषा बाने यांनी ही भूमिका केलीय, आणि त्याला अभिनय म्हणायला जीभ धजत नाही. थोडक्यात, खाली बघत, विचारलं तेवढंच. नवरा मॅनहोलमध्ये आधी दगड टाकायचा. झुरळं बाहेर आली की आत हवा आहे, मग उतरायचा. दारू प्यायचा, कारण वास सहन व्हायचा नाही. एक डोळा गटारातल्या वायूनं गेलेला. हातमोजे, मुखवटा काही नाही. हे ऐकताना माझी बोटं मांडीवर आपोआप हलत होती. झुरळांचं काय टाइप केलं असतं मी? ‘मयत कामावर उतरण्यापूर्वी खबरदारी घेत असे.’ बचाव पक्षाच्या कामाचं तेवढंच.

सरकारी वकील नूतन झाल्या आहेत गीतांजली कुलकर्णी. ‘गुल्लक’मधली ती कटकट करणारी, जीव लावणारी मिश्रांची आई म्हणून आता त्यांना घराघरांत ओळखतात, आणि मलाही ती मालिका फार आवडते. पण नूतन जास्त पक्की आहे. कलमं, उतारे, निवाडे ती एका सुरात वाचत जाते, श्वास कुठं घ्यायचा तेही ठरलेलं. अशा किमान तीन मॅडम मी डोळ्यांसमोर उभ्या करू शकते. मग ती लोकलनं घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, घरची मंडळी टीव्हीसमोर जेवतात. आणि हीच बाई सहकाऱ्यांशी गप्पा मारताना सहज म्हणून जाते की तेच तेच चेहरे बघून कंटाळा आला, द्या वीस वर्षं ठोठावून. यात खलनायकी काही नाही. दुपारी अडीचला, पंखा बंद पडलेला असताना, बोर्डावर अजून बावीस प्रकरणं बाकी असताना मीही मनात काय काय म्हटलंय.

बचावाचे वकील विनय व्होरा, म्हणजे चित्रपटाचे निर्माते विवेक गोम्बर स्वतः. घरी गुजराती, बाहेर इंग्रजी, गाडीत जॅझ, सुपरमार्केटातून चीज आणि वाइन. माणूस मनापासून लढतो, पण ज्याच्यासाठी लढतो त्याच्या जगात तो पाहुणाच. विधवेला गाडीतून सोडायला जातो तेव्हा तिला पैसे देऊ करतो आणि ती विचारते, काही काम असेल तर बघा. त्यावर व्होराच्या चेहऱ्याकडे बघा. नूतनच्या कुटुंबानं पाहिलेलं परप्रांतीयांची खिल्ली उडवणारं नाटक मात्र मला जरा जास्तच ठसठशीत वाटलं. बाकी सगळीकडे दिग्दर्शक कुजबुजतो, तिथं कानात ओरडतो.

स्लीव्हलेस घालून आलेल्या बाईचं प्रकरण सदावर्ते ऐकायलाच नकार देतात, त्या प्रसंगाला भाचा हसला. मी नाही हसले. आमच्या रेकॉर्डच्या कपाटात एक राखाडी ओढणी कायम घडी करून ठेवलेली असायची. कुणाची होती कुणास ठाऊक, पण कशासाठी होती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गाण्यांबद्दल लिहायलाच हवं. चित्रपटाला पार्श्वसंगीत असं जवळपास नाहीच, जे संगीत आहे ते शाहिराच्या मंचावरचं, आणि ते संभाजी भगत यांचं. भाचा पुण्यात एका बँडमध्ये गिटार वाजवतो, ‘आम्ही इंडी आहोत’ म्हणतो, म्हणजे कुठल्या कंपनीच्या दावणीला बांधलेले नाही. चांगलं आहे, त्याची दोन गाणी मलाही आवडतात. पण कांबळेचा पहिला कार्यक्रम सुरू झाला, डफावर थाप पडली, मागून कोरस उचलला गेला, तसा तो सोफ्यावर पुढं सरकून बसला. तीन मिनिटांनी म्हणाला, “आत्या, याला माइकसुद्धा धड नाहीये.” नाहीच. अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्यापासून हे असंच चालत आलंय: वस्तीतला मंडप, ट्यूबलाइट, समोर सतरंजीवर पोरं. मी त्याला आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ बघायला सांगितलंय. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा माणसं गेली, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तिथून तो माहितीपट सुरू होतो. गाण्यानं माणूस मरतो असा आरोप चित्रपटातल्या शाहिरावर येतो, आणि इकडे खऱ्या शाहिराचं असं झालेलं. हे शेजारी ठेवून ‘कोर्ट’ पाहिला की तो आणखी बोचतो.

कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं गेले. पिंजऱ्यात ते ज्या शांतपणे उभे राहतात ती शांतता शिकवून येत नसावी. असं गाणं लिहिलं का, असल्या प्रश्नाला ते इतक्या सभ्यपणे उत्तर देतात की आपणच ओशाळावं.

एक तक्रार आहेच, आणि ती मी सोडणार नाही. कॅमेरा व्होरासोबत घरी जातो, नूतनसोबत जातो, सदावर्त्यांसोबत तर थेट रिसॉर्टला जातो. टाइप करणाऱ्या माणसासोबत कुणी जात नाही. ११६ मिनिटांत दोन मिनिटं तरी त्याला द्यायची होती. मनगटाला बाम लावताना, नाहीतर गॅसवर दूध उतू जातंय आणि डोक्यात अजून ‘साक्षीदार पुढे सांगतो की’ चाललंय, असं काहीतरी.

रिसॉर्टचा शेवट भाच्याला आवडला नाही. न्यायाधीश नातेवाइकांसोबत सहलीला जातात, कुणाला तरी मुलासाठी अंकशास्त्राचा सल्ला देतात, बाकावर डुलकी काढतात, पोरं ओरडून दचकवतात तेव्हा एकाला चापट मारतात. संपलं. “याचा खटल्याशी काय संबंध?” भाचा म्हणाला. पहिल्यांदा पाहताना मलाही तसंच वाटलं होतं. या वेळी त्या डुलकीकडे बघताना वाटलं, हा माणूस जूनमध्ये परत येऊन याच कांबळेच्या जामिनाचं बघणार आहे.

त्याच्या आधीचा शॉट मात्र माझा. सुट्टीआधीचं शेवटचं कामकाज संपतं. माणसं निघून जातात. कुणीतरी एकेक दिवा बंद करतं. रिकामी बाकं दिसतात, मग तीही दिसेनाशी होतात आणि पडदा काळाकुट्ट होऊन तसाच राहतो, बराच वेळ. आमच्याकडे हे काम शिपाईमामा करायचे, मी यंत्रावर खोळ चढवेपर्यंत थांबून. खोळीची नाडी बांधायला अंधारात मला नेहमी वेळ लागायचा.

एवढ्यात आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, “काय गं, लाइट गेली का?”

“नाही हो,” मी म्हटलं, “मे महिन्याची सुट्टी लागली.”