पहिलारू कालवडींना जर्सीचं सॉर्टेड सिमेन: एक वेत संपत आल्यावरचा अनुभव

आमचा गोठा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायींचा. संगमनेरच्या आसपास दुसरं फारसं दिसतही नाही. गायींना आम्ही एचएफच भरवतो (म्हणजे त्या वळूचं कृत्रिम रेतन करतो), पण मागच्या वर्षी पहिल्यांदा भरवायच्या कालवडींपैकी बहुतेकींना जर्सीचं सॉर्टेड सिमेन, म्हणजे बहुतेक वासऱ्याच व्हाव्यात म्हणून निवडलेलं वीर्य, वापरलं, आणि ज्या दोघींचं हाड मोठं होतं त्यांना एचएफचं सॉर्टेड. त्या सगळ्या व्याल्या, दुधात आहेत, काही पुन्हा गाभणही आहेत.

सिमेनचा कॅटलॉग हातात आला की आपली नजर आधी जाते वळूच्या आईच्या दुधावर. ते दूध वासरीच्या अंगात दिसायला तीन वर्षं लागतात. कालवडीपुढचा प्रश्न नऊ महिन्यांवर असतो: हे वासरू तिच्या कंबरेतून सुखरूप बाहेर येईल का? चांगल्या एचएफ वळूचं वासरू 35 ते 40 किलोपर्यंत भरतं, जर्सीचं पंचविशीच्या आसपास. त्यात गोऱ्हा वासरीपेक्षा दोन-तीन किलोनं जड. सॉर्टेडमध्ये शंभरातली नव्वदेक वासरं माद्या निघतात, म्हणजे जात आणि लिंग, दोन्हीकडून ओझं हलकं होतं. शिवाय 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर गोऱ्ह्याचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक गोठ्यात आहेच.

ज्यांना एचएफच हवंय त्यांनी कॅटलॉगमधला सुलभ प्रसूतीचा आकडा बघावा, पण जपून. अमेरिकन वळूच्या कागदावर तो टक्क्यांत असतो आणि पहिलारू (पहिल्यांदा विणाऱ्या) गायींत शंभरातली किती वासरं अडतील ते सांगतो. म्हणजे जितका कमी तितका चांगला. कॅनडा किंवा जर्मनीच्या वळूला 100 ही सरासरी धरतात आणि तिथे जास्त आकडा चांगला. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की हमखास उलटं होतं. आणखी एक आकडा मुलींच्या प्रसूतीचा असतो. वळूची वासरं लहान जन्मतात म्हणून त्याच्या मुली सहज वितीलच असं नाही, त्यांची कंबरही लहान राहू शकते. त्यामुळे एचएफ घेताना दोन्ही आकडे बघितले.

गाभण राहण्याचा अनुभव संमिश्र. साध्या कांडीत (वीर्य भरलेल्या गोठवलेल्या नळीत) दोन कोटी शुक्राणू असतात, सॉर्टेडमध्ये वीस ते चाळीस लाख. चुकायला जागाच नाही. आमच्या काही कालवडी पहिल्या डोसाला उलटल्या, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर आल्या. एका डॉक्टरांनी तर कांडी कंटेनरमधून काढून बोटांत चोळतच गोठ्यात आणली. दुसऱ्या वेळी थर्मामीटर आणि 37 अंशांचं पाणी मीच तयार ठेवलं, अर्धा मिनिट कांडी त्यात, आणि लगेच डोस. नियम एवढेच पाळले: वजन 260-270 किलोच्या पुढे, सोट (माजातला चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी डोस. दोनदा उलटली की तिसऱ्यांदा साधं जर्सी. सॉर्टेडच्या किमतीत त्याहून जास्त हट्ट परवडत नाही.

विण्याच्या बाबतीत मात्र पैसे वसूल. पहिली व्याली ती रात्री. पाण्याची पिशवी फुटली, मग पुढचे दोन खूर दिसले, तळवे खाली आणि त्यावर नाक टेकलेलं. खूर इतके बारीक की बायको म्हणाली, “अहो, हे शेळीचं करडू आहे का?” हात लावायची वेळच आली नाही. सकाळी गोणपाटात घालून कांद्याच्या काट्यावर धरलं, 24 किलो. तासाभरात उठून सडाला लागलं होतं, वारही दुपारच्या आत पडली. बाकीच्या जर्सीवाल्याही अशाच मोकळ्या झाल्या. एचएफ भरवलेल्या दोघींपैकी एकीला हलकासा ओढा द्यावा लागला. वासरी ठणठणीत निघाली, पण कालवड दोन दिवस वैरणीला नीट तोंड लावत नव्हती.

आमच्याकडे ठाम समजूत आहे की जर्सी भरवली की पहिलारूचं दूध कमी येतं. दूध देणार ती कालवड, तिच्या आई-बापाच्या जोरावर. पोटातल्या वासराचा बाप कोण यानं त्यात नोंद घेण्यासारखा फरक पडत नाही. दूध खरं कमी होतं ते अडल्यावर, वार राहिल्यावर, गर्भाशय बिघडल्यावर. मग माजही लांबतो आणि पुढचं वेत मागे जातं. आमच्या जर्सीवाल्या कालवडी आणि एचएफवाल्या दोघी, दुधात डावं-उजवं करता येणार नाही.

तोटा आहे तो विक्रीत. व्यापाऱ्याला काळी-पांढरी वासरी हवी. तांबूस, काळ्या तोंडाची वासरी बघितली की भाव पाडून मागतो. वासऱ्या विकून पैसे करायचे असतील तर हा मार्ग तुमचा नाही. घरी ठेवायच्या असतील तर गोष्ट वेगळी: वासऱ्या काटक आहेत, उन्हात एचएफइतक्या धापा टाकत नाहीत, आणि पुढे फॅट चांगलं लागेल. आपल्याकडे दुधाचा भाव 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) ला बोलला जातो, एचएफचं फॅट अनेकदा त्याच्या काठावर अडखळतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले त्रिवेणीतही एचएफ निम्मं, आणि उरलेल्यात जर्सी आणि गीर पाव-पाव आहेच की.

गीर का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. गीरचं वासरूही लहान असतं, पण गाभणकाळ आठवडाभर लांबतो आणि गीरच्या रक्ताची कालवड माजावर उशिरा येते. वैरण विकत घेणाऱ्या माझ्यासारख्याला ते महिने जड जातात. ज्याच्याकडे चरायला रान आहे त्यानं जरूर बघावं. बाहेरच्या देशांत कालवडींना अँगस भरवतात, पण ते मांसाचं गणित आहे, आपल्या कामाचं नाही.

यंदाही आखणी तीच आहे. 300 किलोच्या आतल्या कालवडींना जर्सी सॉर्टेड, त्यापुढच्या रुंद कंबरेच्या कालवडींना प्रसूतीचे आकडे बघून एचएफ सॉर्टेड, आणि दुसऱ्या वेतापासून वळूच्या आईच्या दुधाकडे बघून हवा तो वळू. फक्त आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या कंटेनरमध्ये जर्सी सॉर्टेड कायम नसतं. कालवड माजावर आल्यावर फोन केला तर जे असेल ते घ्यावं लागतं, म्हणून मागच्या माजाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहितो आणि पुढच्या माजाच्या आठवडाभर आधीच कांड्या सांगून ठेवतो.