विंचवाच्या लशीला पाचपैकी चार

कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी १७ वर्षं सिस्टर आहे. लोक मिक्सर-कुकरचे अभिप्राय लिहितात, मी माझ्या हातातल्या वस्तूचा लिहिते: लाल विंचवावरची लस. म्हणायला लस, असतो तो उतारा. घोड्याला विंचवाचं विष थोडं थोडं टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं काढून घेतात.

बाटलीत पांढरट भुकटी असते. त्यात इंजेक्शनचं पाणी सोडायचं आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. गेल्या भातकापणीत एकाला रात्री आणलं. शर्ट घामाने पिळून काढावा असा, उलट्या, हातपाय बर्फासारखे. त्याचा भाऊ डोक्यावर उभा राहून ओरडत होता, "सिस्टर, हलवा की जोरात!" जोरात हलवली तर फेस होतो, आणि फेसात औषधाची नासाडी. त्या दोन-चार मिनिटांत नातेवाइकांच्या शिव्या खायची तयारी ठेवायची. भुकटी असल्याचा फायदाही आहे म्हणा, पावसात वीज गेली तरी फ्रिजकडे धावत सुटावं लागत नाही.

आता गुणाचं. विंचवाच्या विषात हायलुरोनिडेज नावाचं विकर असतं. कातडीखालच्या पेशींना धरून ठेवणारा चिकट लुकण ते विरघळवतं, जांभ्याच्या दरजांतला चुना उकरावा तसं, आणि विषाला वाट मोकळी करून देतं. खरी मारेकरी असतात मागून येणारी छोटी प्रथिनं. ती नसांमधली, म्हणजे मज्जातंतूंमधली, सोडियमची दारं उघडीच ठेवतात, मग अंगात अ‍ॅड्रेनालिनचा पूर येतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. प्रतिपिंड या सगळ्यांना जाऊन चिकटतं. विकराला लुकण धरता येत नाही, विषाला नसेवर बसता येत नाही.

पण वाट फोडून झाल्यावर विकराला पकडून काय उपयोग? आणि नसेवर आधीच बसलेलं विष लस ओढून काढेल असं धरून चालता येत नाही, रक्तात फिरतंय तेवढंच तिच्या हाती नक्की लागतं. म्हणून मांत्रिकाकडे तीन तास घालवून आलेल्याला हीच बाटली कमी पडते. दोष बाटलीचा नाही. पुरुषाचं लिंग ताठरलेलं राहतं हे घरचे लाजून सांगत नाहीत. पण घाम, उलटी, गार हातपाय यांच्याइतकीच ती धोक्याची खूण आहे. सांगा, आम्ही हसत नाही.

सोबत प्राझोसिनची, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, गोळी हवीच. ही गोळी विंचूदंशावर रुळवली महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी २०११ साली ७० रुग्णांचा अभ्यास छापला. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी अधिक लस. १० तासांनी लस घेतलेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण सावरले होते, नुसत्या गोळीवरचे ८. गोळी दिल्यावर मात्र रुग्णाला एकदम उठवू नका, रक्तदाब उतरून भोवळ येते.

इंगळीवर, म्हणजे मोठ्या काळ्या विंचवावर, ही लस नाही. सापाची वेगळी, तीही इथे चालत नाही. आणि घोड्याचं प्रथिन असल्याने कधी अंगावर पित्त उठतं, म्हणून अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन भरून शेजारी ठेवूनच आम्ही सुरुवात करतो.

त्या रात्रीचा माणूस सकाळी चहा मागत होता. भाऊ माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

एक तारा कापला तो आतल्या कागदासाठी. मुंगीएवढी अक्षरं, तीही सगळी इंग्रजीत, आणि वाचायची वेळ येते रात्री दोनला. शेवटी मीच जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलंय. पहिली ओळ: हलवू नका, फिरवा.