पाडायच्या घराची ॲस्बेस्टॉस तपासणी (सिडनी): काही महिन्यांनंतरचा अनुभव

सिडनीच्या पश्चिम भागात जुनी फायब्रोची, म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांची, घरं घ्यायची, पाडायची आणि नवीन बांधायची, असा सपाटा चालू आहे. त्यात आपली मंडळीही बरीच. आमचं घर १९६०च्या सुमाराचं. तपासणीला बरेच महिने झाले, घर गेलं, नव्याची लाकडी फ्रेम उभी आहे. त्यामुळे पैसे कुठे वसूल झाले आणि कुठे नाही, हे आता नीट सांगता येईल.

वसूल झाले, पण आम्ही महागातली तपासणी घेतली म्हणून. स्वस्तातला माणूस घरभर फिरून फोटो काढणार आणि 'ॲस्बेस्टॉस असल्याचे गृहीत' असं लिहून देणार होता. राहत्या घरात कुठे ड्रिल मारू नये, एवढं कळायला ते ठीक आहे. पाडायच्या घराला त्याचा उपयोग नाही. भिंतीच्या आत, टाइल्सच्या मागे, फ्लोअरिंगखाली काय आहे ते सगळं 'पाहता आले नाही' या रकान्यात जातं, आणि पोकलेनच्या दाताखाली नेमकं तेच येतं. महागातली तपासणी फोडून बघते. त्यासाठी घर रिकामं आणि वीज बंद हवी.

बाहेरचे फायब्रोचे पत्रे, सांध्यांवरच्या पट्ट्या, छपराच्या कडेखालचं अस्तर, बाथरूमच्या भिंती, मीटर बॉक्समधला काळा बोर्ड, यांत निघणार हे धरूनच चाललो होतो. १९९०च्या आधीच्या घरात ते आहेच असं समजायचं, ही इथली रीत. खरं काम झालं स्वयंपाकघरात. वर लॅमिनेट, त्याखाली हार्डबोर्ड आणि त्याच्याही खाली जुनं पिवळट विनाइल. तपासणीला आलेल्या बाईंनी फ्रिजच्या कोपऱ्यात आधी पाण्याचा फवारा मारला, छिन्नीने टोक उचललं, नखाएवढा तुकडा कापून एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्यांत टाकला आणि कापलेली कड ओल्या फडक्याने पुसून टेपने बंद केली. विनाइलच्या पाठीला राखाडी, पुठ्ठ्यासारखा थर होता. लॅबने त्यात क्रायसोटाइल, म्हणजे ॲस्बेस्टॉसचाच एक प्रकार, असल्याचं कळवलं.

याने हिशोब बदलला. पत्र्यातला ॲस्बेस्टॉस सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो. १० चौरस मीटरच्या वर असेल तर ॲस्बेस्टॉस काढायच्या ब वर्गाच्या लायसन्सवाला काढतो. ही पाठ मात्र हाताने चुरडली जाते आणि तिचे घातक तंतू हवेत उडू शकतात, म्हणून तिला अ वर्गाचाच माणूस लागतो, काम चालू असताना हवेची तपासणी लागते आणि शेवटी लायसन्सधारक असेसरचं (तपासनिसाचं) क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे जागा साफ झाल्याचा दाखला, लागतं. पाडकाम अर्ध्यावर असताना हे कळलं असतं तर काम ठप्प आणि मशीनचं भाडं चालूच. आधी कळल्याने ते कोटेशनमध्येच आलं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "अगं, आपल्या पडवीवर तेच पत्रे आहेत की! दर पावसाळ्याआधी बाबा वर चढून भोकं बुजवतात." इथे ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे, आपल्याकडे सिमेंटचे पत्रे दुकानात आजही मिळतात. बाबांना निदान ते पत्रे घासू नका, कापू नका, एवढं सांगून ठेवलंय.

रिपोर्ट पाडकामानंतर फाइलमध्ये पडून राहील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. पाया खणताना मागच्या अंगणात पत्र्याचे तुकडे निघाले आणि बिल्डरने काम थांबवलं. रिपोर्टमध्ये त्याच जागेचा फोटो होता: 'जुन्या शेडची जागा, मातीत तुकडे असण्याची शक्यता.' त्यामुळे वाद घालायला कुणाला जागाच उरली नाही. काढणारी टीम परत आली, माती उपसून गेली, नवं सर्टिफिकेट आलं आणि खणणं पुन्हा सुरू झालं. अंगण आणि माती तपासणीत धरली आहे का, हे कोटेशन घेतानाच विचारा. बरेच जण फक्त घर धरतात.

तक्रारीही आहेत. रिपोर्टची अर्धी पानं 'आम्ही जबाबदार नाही' याच सुरातली. सोबतच्या नकाशात बाथरूम आणि लाँड्रीची अदलाबदल झाली होती. काढणारी टीम नमुन्यांचे नंबर त्या नकाशावरूनच शोधते, त्यामुळे ही बारीक बाब नाही. दुरुस्त नकाशा यायला ईमेलवर ईमेल करावे लागले. त्याचा एक तारा कापून पाचपैकी चार.