जमीन लिलावात गेली म्हणून कोणी सही मागितली तर

थकबाकीपोटी तुमची जमीन सरकारनं लिलावात काढली, मुदत संपली, आता काही करता येत नाही. पण घेणारा भला माणूस आहे, चार पैसे देतो म्हणतोय, या कागदावर सह्या करा. असं सांगत कोणी दारात आलं तर सही करू नका. माझ्या माहेरची दीड एकर याच बोलण्यावर गेली. ती सोडवायला आज आम्ही प्रांतांकडे आणि दिवाणी कोर्टात, दोन्हीकडे भांडतोय. केस चालू आहे, म्हणून गावाचं, तालुक्याचं नाव लिहीत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागातलं, वेदगंगा-दूधगंगेच्या पट्ट्यातलं गाव आहे एवढं पुरे.

वडील 2017 साली वारले. उताऱ्याच्या नवव्या कॉलमला, म्हणजे मालकाच्या रकान्यात, त्यांचंच नाव राहिलं, वारसा लागला नाही. आमच्याकडे घरटी हीच गोष्ट आहे. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात गावातलं जुनं मातीचं घर बसलं. आई आणि दादा कागलला राहायला गेले, तिथंच दादाची एमआयडीसीत नोकरी. आम्ही दोघी बहिणी लग्न होऊन महाराष्ट्रात. रान शेजारच्यांना वाट्यानं दिलेलं. पुढं 2020 मध्ये कर्नाटकात जमीन सुधारणा कायदा बदलला, शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता येऊ लागली आणि रस्त्याकडेच्या रानांवर लोकांचे डोळे गेले. आमचं रान रस्त्याकडेचं.

दादाकडे आलेला माणूस परका नव्हता, भावकीतल्याच एकाचा मेहुणा. कचेरीत उठबस असलेला. म्हणाला, "दादा, शेतसारा आन पाणीपट्टी थकल्याली की ओ. लिलाव झाला. महिना उलटून गेला, आता देवपण काय करू शकत नाही." हातात लिलावाच्या कागदाची झेरॉक्स होती, त्यावर शिक्का होता. आई रडायला लागली. मग त्यानं हळूच पैशाचं काढलं. घेणाऱ्याला कोर्टकचेरी नको आहे, म्हणून तो खुशीनं रक्कम देतोय, फक्त पोच म्हणून सह्या हव्यात. कागद कन्नडमध्ये टाइप केलेला. दादा कन्नड फाडफाड बोलतो, पण शाळा मराठी, वाचता येत नाही. त्या माणसानं 'वाचून दाखवला', नोटरीसमोर आईचा अंगठा आणि दादाची सही झाली.

त्या कागदात पोच नव्हतीच. ते प्रतिज्ञापत्र होतं. थकबाकीची नोटीस आम्हाला वेळेवर मिळाली, दवंडी आमच्यासमोर पिटली गेली, लिलावाला आमची हरकत नाही, ताबा राजीखुशीनं दिला, आणि मयताला बायको व एक मुलगा एवढेच वारस. दादाचा धाकटा कन्नड शाळेत शिकलाय, त्यानं नंतर वाचून सांगितलं तेव्हा हे कळलं.

यात कोणी भाषेचा वाद आणू नये. आमची बाजू मांडणारे वकील कन्नडिगच आहेत, आणि फाईलच्या नकला कशा मागायच्या हे समजावून सांगणारा कचेरीतला कारकूनही कन्नडच. फसवणारा मात्र आमच्याशी शुद्ध घरच्या मराठीत बोलत होता.

नकला हातात आल्यावर सगळा डाव उघडा पडला. एक पंचनामा नीट सांगते. तो 2022 च्या डिसेंबरातला. त्यात लिहिलंय की खातेदार घरी मिळून आला नाही, म्हणून नोटीस घराच्या दर्शनी दरवाजाला दोन पंचांसमक्ष चिकटवली. खातेदार म्हणजे आमचे वडील, त्यांना जाऊन पाच वर्षं झालेली. आणि दरवाजा? 2019 च्या पुरानंतर सरकारी माणसांनीच येऊन घर पूर्ण पडल्याचं लिहून नेलं होतं, त्यावर आईला नुकसानभरपाई मिळाली होती. एका सरकारी कागदात घर भुईसपाट, तीन वर्षांनंतरच्या दुसऱ्या सरकारी कागदात त्याच घराच्या दरवाजाला नोटीस. दोन्ही कागद वकिलांनी शेजारी शेजारी लावून कोर्टात दिलेत. दवंडीचंही तसंच. वाट्यानं रान करणारे शेजारी रोज तिथंच असतात, त्यांनी दवंडी ऐकलेली नाही.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो तारखांनी. कर्नाटक जमीन महसूल कायद्यात लिलावानंतर तीस दिवसांची मुदत असते. त्यात थकबाकी, खर्च आणि खरेदीदाराला बोलीच्या पाच टक्के रक्कम भरून अर्ज दिला तर लिलाव रद्द करून घेता येतो. लिलाव बेकायदा झाला, फसवून झाला अशी हरकतही घेता येते. हे सगळं लिलाव कायम होण्याआधी. तो माणूस कागलला आला तेव्हा ही मुदत संपलेली नव्हती. महिना उलटला हे धडधडीत खोटं होतं. आणि थकबाकी किती होती म्हणता? दादानं एका पगारात भरली असती.

मग त्यांना सह्या कशाला हव्या होत्या? जमीन खरंच कायद्यानं गेली असती तर आईच्या अंगठ्यासाठी कोणी पैसे मोजत कागलपर्यंत आलं नसतं. मेलेल्या माणसाच्या नावची नोटीस, नसलेला दरवाजा, न पिटलेली दवंडी, ही सगळी भोकं त्या एका कागदानं बुजवली. तो फाईलला लागला, त्याच्या आधारानं लिलाव कायम झाला, मग विक्रीचा दाखला, मग फेरफार, आणि उताऱ्यावर नवं नाव. थोड्याच दिवसांत त्यातला रस्त्याकडचा तुकडा तिसऱ्यालाच विकला गेला. त्यानं तारेचं कुंपणही घातलं. तोही बिचारा पैसे मोजून बसलाय, आता आमच्या दाव्यात तो प्रतिवादी आहे.

आमच्या बाजूला एक गोष्ट मात्र भक्कम आहे. लेकींना विचारायची त्यांना गरज वाटली नाही. 'लग्न होऊन गेल्या, त्यांचा काय संबंध' हे गावात चालतं, कायद्यात चालत नाही. वडिलांच्या मागं मुलीही वारस असतात. प्रतिज्ञापत्रात आम्हा दोघींची नावंच नसल्यानं ते खोटं असल्याचं वंशावळीवरूनच दिसतं, आणि आमची सही कुठंच नाही. दावा आम्ही बहिणींनी लावलाय, दादा-आई सोबत आहेत. कोर्टानं 'जैसे थे' दिलंय, म्हणजे आणखी तुकडे पडणार नाहीत. उताऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी मिळाली असं नसतं, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत सांगितलंय, त्याचा आम्हाला आधार आहे. पण जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर उताऱ्यावरची नोंद खरी धरली जाते. त्यामुळं सिद्ध करायचं ओझं आमच्या डोक्यावर आलं.

ज्यांची जमीन इकडं आणि बिऱ्हाड कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोव्याला आहे त्यांनी आधी वारसा लावून घ्या, त्यात मुलींची नावं घाला. कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकला की उतारा घरबसल्या दिसतो, नववा (मालकाचा) आणि अकरावा (हक्क-बोजाचा) कॉलम दर पिकाला बघत जा. शेतसाऱ्याची पावती जपून ठेवा. लिलाव झाला असं कोणी सांगितलं तर त्याच्या हातातल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, त्याच दिवशी कचेरीत अर्ज देऊन पूर्ण फाईलच्या नकला मागा आणि लिलावाची तारीख बघा. कन्नड कागद दुसऱ्या कुणाकडून, शक्यतो घरातल्या शाळकरी पोराकडून, वाचून घ्या. सही झालीच असेल तरी गप्प बसू नका. फसवून घेतलेल्या सहीविरुद्ध दावा लावायला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात, पण दरम्यान जमीन पुढं विकली जाते.

तोच माणूस आमच्या गल्लीतल्या आणखी एका घरी असाच कागद घेऊन गेला होता. त्या घरच्या म्हातारीनं, मुलगा आल्याशिवाय अंगठा देणार नाही म्हणून त्याला परत पाठवलं. मुलानं कचेरीत जाऊन चौकशी केली तर त्यांच्या सर्व्हे नंबरचा लिलाव कधी झालाच नव्हता.